नेणारा तो नेत्र

अमरकोशात डोळ्याची आठ नावे दिली आहेत. नेत्र, नयन, लोचन, ईक्षण, चक्षू, अक्षी, दृक् आणि दृष्टी. शाळेत ती समानार्थी शब्द म्हणून पाठ करून घेतली जातात, परीक्षेत लिहिली जातात आणि गुण मिळाले की विसरली जातात. परंतु भाषेत खऱ्या अर्थाने समानार्थी असे दोन शब्द क्वचितच असतात. एकाच वस्तूला आठ नावे ठेवणाऱ्यांनी त्या वस्तूकडे आठ बाजूंनी पाहिलेले असते. ज्यांनी ही नावे घडवली, त्यांना डोळा म्हणजे केवळ शरीराचा एक अवयव वाटला नव्हता. पाहणे ही क्रिया माणसाला कोठे नेते आणि पाहिल्यानंतर माणसावर कोणती जबाबदारी येऊन पडते, याचा विचार त्यांनी एकेका धातूत साठवून ठेवला आहे.

आपणा बृहन्महाराष्ट्रीयांना हा विचार करण्याची एक विशेष सोय आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातील कितीतरी मराठी कुटुंबे सामानसुमानासह या तलावांच्या गावी उतरली. इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैन येथील जुनी मराठी घराणीही नोकरीच्या निमित्ताने येथे येत राहिली. अशा घरांतील मुले उंबरठ्याच्या आत ‘डोळा’ म्हणतात आणि उंबरठ्याबाहेर ‘आँख’. यातला ‘आँख’ हा संस्कृत ‘अक्षी’चा थेट वंशज, प्राकृतात त्याचे ‘अक्खि’ झाले आणि तेथून हिंदीत ‘आँख’. आपला ‘डोळा’ मात्र संस्कृताच्या घरचा नव्हे, तो देशी शब्द मानला जातो. भोपाळच्या जुन्या शहरात गेलात तर तिसरे नाव कानी पडते, ‘चश्म’. हा फारसी शब्द आणि आपला ‘चक्षू’ हे एकाच प्राचीन कुळातले चुलतभाऊ. म्हणजे आमच्या नाकावर बसलेला चष्मा आणि उपनिषदांतला चक्षू यांचे नाते जुने आहे. तीन भाषांच्या संगमावर राहणाऱ्या माणसाला शब्दांचे गोत्र विचारण्याची सवय लागते, ती अशी.

आणखी एक कारण आहे. भोपाळ हे डोळ्यांनी सोसलेले शहर आहे. १९८४ च्या डिसेंबरमधील २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट नावाचा वायू सुटला. माणसे जागी झाली ती खोकल्याने आणि डोळ्यांत तिखट गेल्यासारख्या आगीने. पापण्या सुजल्या, डोळे उघडेनात, आणि न दिसणाऱ्या रस्त्यावरून हजारो माणसे धावत सुटली. धावणाऱ्यांपैकी अनेकजण परतले नाहीत. जे वाचले त्यांतील बहुतेकांची दृष्टी सुदैवाने परत आली. परंतु बुबुळावरचे डाग, सतत पाणी गळणे, डोळ्यांची जळजळ आणि मोतीबिंदू हे भोग कित्येकांच्या वाट्याला पुढे वर्षानुवर्षे आले. अशा शहरात राहून ‘दृष्टी’ या विषयावर केवळ गोड गोड लिहिता येत नाही. शब्दांचा अर्थ येथे कसाला लागतो.

नेणारा आणि सांगणारा

प्रथम ‘नेत्र’ घेऊ. ‘नी’ म्हणजे नेणे. जो नेतो, किंवा ज्याच्या योगे नेले जाते, तो नेत्र. ‘नयन’ही त्याच धातूचा. याच घराण्यात नेता, नीती, विनय, प्रणय आणि अभिनय हे शब्द जन्मले. ताक घुसळताना रवीला गुंडाळलेल्या दोरीलाही संस्कृतात ‘नेत्र’च म्हणतात, समुद्रमंथनात वासुकी नेत्र झाला, तो या अर्थाने. दोरी ज्या बाजूला ओढावी त्या बाजूला रवी फिरते. डोळ्याचे तसेच आहे. डोळा जेथे वळतो, तेथे मन वळते, आणि मनामागोमाग पाऊल. म्हणून आपल्या संतांनी डोळ्यांवर एवढा पहारा ठेवण्यास सांगितले. डोळा वस्तू टिपून घेतो असे आपण समजतो. शब्द सांगतो की तो आपल्यालाच कोठेतरी घेऊन जात असतो. नीती आणि नेत्र हे शब्द सख्खी भावंडे आहेत, ही गोष्ट घरातल्या मुलांना एकदा सांगून पाहावी. पाहण्याची दिशा चुकली तर वागण्याची दिशा चुकते, हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

‘चक्षू’ त्याहून विलक्षण. तो ‘चक्ष्’ धातूपासून आला. या धातूचा अर्थ व्याकरणकारांनी ‘स्पष्ट बोलणे’ असा दिला आहे आणि पुढे ‘पाहणे’ हाही अर्थ जोडला आहे. पाहणे आणि सांगणे या दोन क्रियांना एकच धातू! पुढे पाणिनीने काही रूपांत ‘चक्ष्’च्या जागी ‘ख्या’ येतो असे सांगितले. त्यातूनच आपली आख्याने, व्याख्याने आणि व्याख्या निघाल्या. म्हणजे जो पाहतो आणि सांगत नाही, त्याच्यापाशी डोळे असतील, पण चक्षू नाहीत, असे म्हणण्यास हरकत नाही.

याचे उदाहरण शोधण्यास आम्हांला फार दूर जावे लागत नाही. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्ये ‘रपट’ या आपल्या लहानशा हिंदी साप्ताहिकातून त्या कारखान्याच्या धोक्याविषयी लेखामागून लेख लिहिले. जून १९८४ मध्ये, म्हणजे दुर्घटनेच्या अवघे काही महिने आधी, त्यांनी ‘जनसत्ता’तून पुन्हा तोच इशारा दिला. कारखाना सर्वांनाच दिसत होता. त्याच्या चिमण्या, त्याचे दिवे, त्याच्या भिंतीला खेटून वाढलेल्या वस्त्या दररोज हजारोंच्या नजरेखालून जात होत्या. एकाने पाहिले आणि सांगितले. ऐकणाऱ्यांनी काय केले, त्यासाठी संस्कृतात शोधाशोध करायला नको. आपल्या मराठीने दोन अस्सल शब्द दिले आहेत, ‘कानाडोळा’ आणि ‘डोळेझाक’. केसवानी २०२१ मध्ये निवर्तले. ‘चक्षू’ या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्यांना सांगताना कोशापेक्षा त्यांचे नाव अधिक उपयोगी पडते.

साक्षी कोण?

‘अक्षी’ची व्युत्पत्ती यास्काचार्यांनी निरुक्तात दिली आहे. त्यांच्या मते हा शब्दही ‘चक्ष्’पासूनच आला, परंतु आग्रायण नावाच्या आचार्याचे वेगळे मत त्यांनी शेजारीच नोंदवून ठेवले आहे. आग्रायण म्हणतो, अक्षी आला ‘अञ्ज्’ धातूपासून. ‘अञ्ज्’ म्हणजे माखणे, आणि उघड करणेही. अंजन, व्यंजन, व्यक्त, व्यक्ती, अभिव्यक्ती ही सारी त्याची प्रजा. जे अव्यक्त आहे त्याला व्यक्त करतो तो डोळा. आजच्या भाषाशास्त्राला ही व्युत्पत्ती कदाचित मान्य होणार नाही. परंतु प्राचीनांना डोळ्याविषयी काय वाटत होते, हे तिच्यातून कळते, आणि आपल्याला तेवढेच हवे आहे.

‘अक्षी’ने मराठीला दिलेले शब्द मोजावेत तितके थोडे. डोळ्यांसमोरचे ते प्रत्यक्ष, डोळ्यांआडचे ते परोक्ष. ज्याची नजर सर्वांवर असावी तो अध्यक्ष. ऋग्वेदातील नासदीय सूक्तात परम आकाशातील विश्वनियंत्याला हा शब्द लावला आहे. आज तो मंडळाच्या वार्षिक सभेपर्यंत पोहोचला आहे, हा शब्दाचा संसार. आणि या सर्वांत मोलाचा शब्द ‘साक्षी’. ‘साक्षात्’ म्हणजे डोळ्यांदेखत; ज्याने साक्षात् पाहिले तो साक्षी.

येथे अध्यात्म आणि व्यवहार समोरासमोर उभे राहतात. मुंडक उपनिषदात एका झाडावर बसलेल्या दोन पाखरांचे रूपक आहे. एक फळे खाते, दुसरे न खाता केवळ पाहते. वेदान्ताने त्या दुसऱ्या पाखराला साक्षी म्हटले. ‘दृग्दृश्यविवेक’ या छोट्या प्रकरणग्रंथात हाच विचार पायरीपायरीने मांडला आहे. रूप हे दृश्य, डोळा त्याचा द्रष्टा. पण डोळा अधू झाला आहे की चांगला आहे, हे मनाला कळते. म्हणजे मनाच्या दृष्टीने डोळाही दृश्यच. आणि मन आज प्रसन्न आहे की उदास, हेही कोणाला तरी कळते. तो शेवटचा पाहणारा, ज्याला कोणी पाहू शकत नाही, तो साक्षी. केनोपनिषदाने त्यालाच डोळ्याचा डोळा म्हटले आहे.

हे तत्त्व उच्च आहे, यात शंका नाही. परंतु त्याचा एक सवंग अर्थ आपल्या समाजात रुजला आहे. ‘आपण साक्षीभावाने राहावे’ असे म्हणत शेजारचे दुःख, रस्त्यावरचा अन्याय, घरातल्या सुनेचे डोळ्यांतले पाणी यांच्याकडे पाठ फिरवायची, हा तो अर्थ. शब्द मात्र या पळवाटेला साथ देत नाही. न्यायालयातही साक्षीदारच असतो. त्याने पाहिले आहे, म्हणूनच त्याला बोलावे लागते. वेदान्तातला साक्षी अलिप्त आहे तो आपल्या सुखदुःखाविषयी, आपल्या मानापमानाविषयी. दुसऱ्याच्या दुःखाविषयी अलिप्त राहण्याची परवानगी त्याने कोणाला दिलेली नाही. आपल्या हर्षशोकाने ज्याची नजर गढूळ होत नाही, तोच दुसऱ्याचे दुःख स्वच्छ पाहू शकतो आणि निर्भयपणे सांगू शकतो. दोन्ही साक्षी एकच आहेत, असे मला वाटते.

त्या डिसेंबरात भोपाळमध्ये टिपलेले एक छायाचित्र जगभर गेले. मातीत निजवलेल्या एका अनामिक बालकाचा चेहरा, आणि त्यावरची माती हलकेच बाजूला करणारा एक हात. रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही ते दृश्य टिपले; बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्राला १९८४ सालचे सर्वोत्कृष्ट वृत्तछायाचित्र म्हणून वर्ल्ड प्रेस फोटोचा सन्मान मिळाला. त्या बालकाचे डोळे उघडे आहेत. त्यांना काही दिसत नाही, आणि तरीही ते आपल्याकडे पाहतात. ‘साक्षी’ या शब्दावर याहून मोठे भाष्य कोणत्या भाष्यकाराने लिहिले असेल?

परीक्षा आणि उपेक्षा

‘ईक्षण’ हे नाव कोशात डोळ्याचे आहे; ‘ईक्ष्’ धातूचा अर्थ मात्र लक्षपूर्वक पाहणे असा आहे. उपसर्ग बदलत जावे आणि माणसाच्या मनाच्या साऱ्या अवस्था उलगडत जाव्यात, असा हा धातू. आशेने पाहणे ती अपेक्षा. वाट पाहणे ती प्रतीक्षा. नीट पाहणे ती समीक्षा. चोहोबाजूंनी पाहणे ती परीक्षा. आम्हा शिक्षकांना या शेवटच्या शब्दाने लाज वाटावी. ‘परि’ म्हणजे सभोवार. मुलाला सभोवार पाहणे, त्याचे घर, त्याची भीती, त्याचा हात कोणत्या कामाला वळतो, हे सारे पाहणे म्हणजे परीक्षा. आपण तीन तासांत एका बाजूने पाहतो आणि आकडा लिहून मोकळे होतो.

‘उपेक्षा’चे भाग्य तर फारच पालटले. बौद्धांच्या चार ब्रह्मविहारांत आणि पतंजलींच्या योगसूत्रांत मैत्री, करुणा, मुदिता यांच्या पंक्तीला उपेक्षा बसलेली आहे. तेथे तिचा अर्थ समतोल नजर. दुसऱ्याच्या दोषांनी न बिथरता पाहणे ती उपेक्षा. आज मराठीत आणि हिंदीतही उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष. एका सद्गुणाचे नाव आपण एका दुर्गुणाला देऊन टाकले. साक्षीभावाचे जे झाले, तेच याही शब्दाचे झाले. भोपाळच्या त्या बंद कारखान्याच्या आवारातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा तेथून हलवून पीथमपूरला नेण्यास जानेवारी २०२५ उजाडला. मधे चाळीस वर्षे गेली. या चाळीस वर्षांना उपेक्षेचा कोणता अर्थ लागू पडतो, हे वाचकांनीच ठरवावे.

‘लोचन’ हे ‘लोच्’ धातूचे, आणि त्याचा जोडीदार ‘लोक्’. दोहोंचा अर्थ पाहणे. लोचनापासून आलोचना आली, आणि ‘लोक्’पासून आलोक, अवलोकन, सिंहावलोकन. ‘लोक’ हा शब्दही याच धातूचा सांगतात: जे दिसते ते जग म्हणजे लोक. मराठीत त्याचा अर्थ पुढे माणसे असा झाला. आपण ज्यांना पाहतो ते लोक. ज्यांना पाहण्याचे आपण नाकारतो, ते आपल्या लेखी लोकच नव्हेत!

अवलोकन कसे असावे याचा एक मराठी आदर्श भोपाळच्या अगदी जवळचा आहे. १९५७ मध्ये डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर रेल्वेने भोपाळकडे येत होते. नीमचला जन्मलेले आणि उज्जैनला कर्मभूमी मानणारे हे गृहस्थ चित्रकारही होते आणि पुरातत्त्वज्ञही. खिडकीतून त्यांना दूरच्या टेकडीवरचे खडक दिसले. असे खडक युरोपातील चित्रित गुहांच्या प्रदेशातही आहेत, हे त्यांच्या मनात चमकले. ते तेथे पायी गेले, आणि भीमबेटका जगाला दिसले. त्या परिसरात सातशेहून अधिक शैलाश्रय आहेत आणि त्यांतील अनेकांत आदिमानवाने रंगवलेली चित्रे आहेत. १९७५ मध्ये वाकणकरांना पद्मश्री मिळाली. १९८८ मध्ये ते निवर्तले. २००३ मध्ये भीमबेटक्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्या रुळांवरून तोवर लाखो प्रवासी गेले होते. खडक त्यांनाही दिसले होते. दिसणे डोळ्याचे काम, पाहणे माणसाचे.

घेतलेले आणि दिलेले दर्शन

‘दृश्’ धातूचा परिवार सर्वांत मोठा. आरसा हा शब्द ‘आदर्श’चेच घासून गुळगुळीत झालेले रूप आहे. मूळचा आदर्श म्हणजे आरसा, ज्यात आपण आपल्याला पाहावे असा. आपण महापुरुषांना आदर्श म्हणतो आणि त्यांच्याकडे पाहत राहतो. शब्दाची अपेक्षा अशी की त्यांच्यात आपण स्वतःचा चेहरा पाहावा आणि कोठे डाग आहे ते शोधावे. ‘अदृष्ट’ म्हणजे नशीब, कारण ते दिसत नाही. ऋषी म्हणजे पाहणारा, असे निरुक्तकार सांगतात. मंत्र त्याने रचले नाहीत, पाहिले. आणि तत्त्वज्ञानाच्या शाखांना आपल्याकडे ‘दर्शने’ म्हणतात. विचार करून काढलेला निष्कर्ष पुरेसा नाही; सत्य दिसले पाहिजे, असा आग्रह त्या नावातच आहे.

देवळातल्या दर्शनाविषयी मात्र मराठी आणि हिंदी यांच्यात एक सूक्ष्म भेद आहे. हिंदीत ‘दर्शन करते हैं’. आपण दर्शन ‘घेतो’. करणे म्हणजे माझी कृती. घेणे म्हणजे कोणी तरी देत असले पाहिजे. पंढरीचा वारकरी एवढे अंतर पायी तुडवतो ते विटेवरच्या मूर्तीला पाहण्यासाठी तर खरेच, पण तिने आपल्याला पाहावे यासाठीही. कृपादृष्टी हा शब्द उगाच आलेला नाही. आपल्या भाषेतील हा नम्रपणा परप्रांतात वाढणाऱ्या मुलांच्या बोलण्यातून निसटतो आहे. ‘दर्शन केले’ हे वाक्य व्याकरणाने चूक म्हणता येणार नाही. तरी त्यात देणाऱ्याची जागा रिकामी राहते.

रिकाम्या जागेचे दर्शन कसे असते, हे पाहायचे असेल तर भोपाळहून पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या सांचीला जावे. तेथील मुख्य स्तूपाच्या तोरणांवर बुद्धाच्या जीवनातील प्रसंगामागून प्रसंग कोरले आहेत, पण त्या मूळ शिल्पांत मानवी रूपातला बुद्ध कोठेही नाही. बोधिवृक्ष आहे, रिकामे आसन आहे, पावलांचे ठसे आहेत, स्वार नसलेला घोडा आहे. भोवतालचे सर्वजण हात जोडून त्या मोकळ्या जागेकडे पाहत आहेत. शिल्पकाराने पाहणाऱ्याच्या चर्मचक्षूंना जेथे सोडले, तेथून पुढे प्रज्ञाचक्षूंनी जायचे आहे. बौद्ध परंपरेत मांसचक्षूपासून बुद्धचक्षूपर्यंत पाच चक्षू सांगितले आहेत. त्या क्रमाची ही जणू दगडातली उजळणी.

दोन प्रज्ञाचक्षू

प्रज्ञाचक्षू हा शब्द अंध व्यक्तीसाठी आदराने वापरण्याची आपली रीत आहे. महाभारतात तो धृतराष्ट्राला वारंवार लावला आहे आणि त्यात व्यासांचा कठोर उपरोध आहे असे मला नेहमी वाटते. युद्धाच्या आधी व्यास स्वतः येऊन त्याला दृष्टी देऊ करतात. धृतराष्ट्र ती नाकारतो. आप्तांचा संहार मला पाहवणार नाही, ऐकेन मात्र, असे तो म्हणतो. मग दिव्यदृष्टी संजयाला मिळते. गीतेची सुरुवात ज्याच्या प्रश्नाने होते, तो माणूस न पाहण्याची निवड केलेला आहे, ही गोष्ट आपण विसरतो. त्याचे खरे अंधत्व बुबुळात नव्हते, पुत्रमोहात होते. पाहिले असते तर थांबवावे लागले असते. म्हणून त्याने पाहिलेच नाही.

दुसरे प्रज्ञाचक्षू आपल्या वऱ्हाडातले. श्रीगुलाबराव महाराजांचा जन्म १८८१ मध्ये अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे झाला. वयाच्या नवव्या महिन्याच्या सुमारास त्यांचे डोळे गेले. माधान या खेड्यात, शेतकरी कुटुंबात ते वाढले. इतरांकडून ग्रंथ वाचवून घ्यावेत, एकदा ऐकलेले चित्तात धरून ठेवावे आणि स्वतः सांगून लिहवून घ्यावे, या रीतीने त्यांनी वेदान्त, भक्ती, योग, संगीत, आयुर्वेद अशा विषयांवर शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ सिद्ध केले. पाश्चात्त्य तत्त्वज्ञांची मतेही त्यांनी ऐकून घेतली आणि त्यांचा परामर्श घेतला. ज्ञानेश्वरमाउलींची आपण कन्या आहोत, असा त्यांचा भाव होता. १९१५ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते पुण्यात समाधिस्थ झाले.

कठोपनिषद सांगते की इंद्रियांची दारे बाहेर उघडणारी आहेत, म्हणून माणूस बाहेरच पाहतो; एखादाच धीर पुरुष डोळे आत वळवतो. गुलाबराव महाराजांची बाहेरची दोन दारे बंद होती. परंतु अंधत्व आपोआप प्रज्ञा देत नाही, याची ग्वाही धृतराष्ट्र देतोच. महाराजांनी ऐकण्याची, स्मरणाची, चिंतनाची जी अपार मेहनत घेतली, तिचे नाव प्रज्ञाचक्षू. एकाच पदवीचे हे दोन मानकरी शेजारी ठेवले म्हणजे तिचा अर्थ कळतो.

शलाका

गुरुवंदनेचा एक श्लोक घरोघरी म्हटला जातो. अज्ञानाच्या अंधाराने अंध झालेल्याचे डोळे गुरू ज्ञानाच्या अंजनशलाकेने उघडतो, असा त्याचा आशय. शलाका म्हणजे बारीक सळई. ही केवळ उपमा नव्हे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी डोळे, कान, नाक इत्यादींच्या चिकित्सेचे अंग या शलाकेवरूनच ‘शालाक्य’ म्हणून ओळखले जाते. सुश्रुतसंहितेत डोळ्याचे शहात्तर रोग सांगितले आहेत. बाहुलीला तेथे ‘दृष्टी’ म्हटले असून ती मसुराच्या डाळीएवढी असते, असे तिचे माप दिले आहे. मोतीबिंदूने आलेल्या अंधत्वावर शलाकेने तो पडदा बाजूला सारण्याचा विधी सविस्तर वर्णिला आहे. नंतर रोग्याने उताणे निजावे, खोकणे-शिंकणे टाळावे, अशी पथ्येही आहेत. आज शस्त्रे बदलली, रीत पालटली, परंतु पडदा दूर करणारा हात तोच. गुरूची उपमा वैद्याकडून आली, हे ध्यानात ठेवले म्हणजे अध्यात्म आणि रुग्णसेवा यांत दुरावा उरत नाही.

या साऱ्या शब्दविचाराचा शेवट आमच्या मते एका कृतीत व्हावा. शिवमहिम्न स्तोत्र म्हणणाऱ्या घरांना ती कथा ठाऊक आहे: विष्णू सहस्र कमळांनी शिवाची पूजा करीत होते, एक कमळ उणे पडले, तेव्हा त्यांनी आपला नेत्रकमल काढून वाहिला, आणि त्या भक्तीतून सुदर्शन चक्र सिद्ध झाले. ‘सुदर्शन’, म्हणजे चांगले पाहणे! डोळा दिला तेव्हा उत्तम दृष्टी लाभली. बौद्ध जातकांतील शिबी राजाही याचकाला डोळे देतो आणि सत्याचे डोळे मिळवतो. देवांना आणि राजांना जिवंतपणी करावे लागले, ते आपल्याला मरणोत्तर करता येते. १९०५ मध्ये एडुआर्ड झिर्म या नेत्रवैद्याने पहिले यशस्वी पारपटल-रोपण केले. तेव्हापासून एकाचा डोळा दुसऱ्याला उजेड देऊ शकतो.

नेत्रदानात संपूर्ण डोळा बसवला जात नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, तेवढा बसवला जातो. त्यामुळे ज्यांचे पारपटल पांढरे पडले आहे त्यांनाच त्याचा लाभ होतो. एका दात्यामुळे दोघांना दृष्टी मिळू शकते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्र काढावे लागतात; त्यास थोडाच वेळ लागतो आणि चेहरा विद्रूप होत नाही. वय, चष्मा, मोतीबिंदूची झालेली शस्त्रक्रिया यांचा सहसा अडसर नसतो. रेबीज, एड्स, कावीळ यांसारखे संसर्ग असल्यास मात्र दान घेता येत नाही. तोवर घरच्यांनी पापण्या मिटवाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोके थोडे उंच ठेवावे आणि जवळच्या नेत्रपेढीला तत्काळ कळवावे. अर्ज भरलेला असला तरी त्या क्षणी घरच्यांची संमती लागतेच. म्हणून ही गोष्ट घरात आधी बोलून ठेवणे अगत्याचे.

काही वृद्ध मंडळी म्हणतात, डोळे दिले तर पुढच्या जन्मी अंधत्व येते. त्यांना धाकाने किंवा चेष्टेने उत्तर देऊ नये. ती श्रद्धेने बोलत असतात, आणि श्रद्धेला ‘डोळस’ हे विशेषण लावणारी भाषा आपलीच आहे. त्यांना सुदर्शनाची कथा सांगावी. आणि हेही सांगावे की जो नेतो तो नेत्र. आपला नेत्र आपल्यामागे आणखी एखाद्या अनोळखी माणसाला अंगणातून रस्त्यापर्यंत, रस्त्यावरून शाळेपर्यंत, कदाचित भीमबेटक्याच्या खडकांपर्यंत नेत राहिला, तर त्या शब्दाचा अर्थ आपल्या घराने पूर्ण केला असे होईल. येत्या रविवारी सर्वजण जेवायला एकत्र बसाल, तेव्हा हा विषय काढावा, एवढीच विनंती.